कोपरा सोडून अंथरलेल्या सतरंज्या

आदित, मीरा, मागच्या सुट्टीत तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तू नोकरीत नक्की काय करायचीस?" मी म्हटलं, "बालवाड्या काढायचे." तुम्ही दोघंही हसलात. तुमच्या डोळ्यांपुढे मेलबर्नच्या शाळेतली वाळूची पेटी आणि घसरगुंडी आली असणार. या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा ठरवलं की तुम्हालाच सांगायचं. आई वाचून दाखवेल. मध्येच ती थांबली, तर तिला घाई करू नका.

मी शिकले बडोद्याला, इंग्रजीतून. बालशिक्षणाची सगळी पुस्तकं इंग्रजी होती आणि त्या पुस्तकांतल्या सगळ्या मुलांची नाकं स्वच्छ होती. सुरतेत काम सुरू केल्यावर आधी माझी पर्स बदलली. पावडर आणि कंगवा जाऊन तिथे जुन्या साडीचे फाडलेले चौकोन राहू लागले.

बालवाडी काढणं हे लग्न जुळवण्यासारखं काम आहे. जागा एकाची, माणसं दुसऱ्याची, शिकवणारी तिसऱ्याची. तिघांनाही वाटत असतं की आपणच उपकार करतोय. आमची बायकांची एक लहानशी संस्था होती. आम्ही शिक्षिका द्यायचो, तिला शिकवून तयार करायचो, खेळणी आणि चित्रं पुरवायचो. वस्तीतल्या मंडळाने पाणी, झाडलोट आणि दुपारच्या खिचडीची सोय बघायची. जागा कोणीतरी शेठने द्यायची. याला आम्ही 'भागीदारी' म्हणायचो. शब्द माझाच होता आणि मला त्याचा अभिमान होता.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एका बापाने मला सरळ विचारलं, "बाई, पोराला सांभाळणार, खाऊ घालणार, वर फी नाही. मग घेणार काय त्याचं?" एक आई मोठ्या भावाचा सदरा घातलेलं रांगतं बाळ घेऊन आली आणि म्हणाली की हा तीन वर्षांचा आहे, जरा हाडाने बारीक. मूल मोठं झालं का हे बघायची आपली जुनी रीत तुम्हाला माहीत नसेल. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. हात पोचला की पोरगं शाळेत जाणार, नाही पोचला तर माझ्याकडे. मुलं कानापर्यंत हात पोचू नये म्हणून मान तिरकी करायची, कारण शाळेत खिचडी नव्हती.

आता ज्या बालवाडीबद्दल सांगायचंय ती लिंबायतची. सुरतेत प्लेग येऊन गेला होता. भरलेल्या गाड्यांनी गावी पळालेली माणसं परत आली होती, शहर धुऊन काढलं होतं आणि पैसेवाल्यांना एकदम काहीतरी चांगलं करावंसं वाटत होतं. अशांतलेच एक ठाकोरशेठ. लिंबायतच्या एका बोळात त्यांची यंत्रमागांची खाती होती. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात, त्याचा बँकेशी संबंध नाही. बोळाच्या टोकाचं एक लहान खातं त्यांनी रिकामं केलं होतं. माग काढून नेलेले, जमिनीत नुसते बोल्टांचे खड्डे आणि तेलाचे काळे चौकोन राहिलेले.

"बेन, जगा तमारी," शेठ म्हणाले. "छोकरां भणशे तो मने पुण्य." मुलं शिकली तर त्यांना पुण्य.

चांगलं, पक्कं बांधकाम. इतकी चांगली जागा फुकट का मिळतेय असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच मला छत न गळणारी जागा मिळाली होती.

शेजारचं खातं मात्र चालू होतं. यंत्रमागाचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. डोक्यावर पत्रा आणि त्या पत्र्यावर शेकडो माणसं हातोडे घेऊन बसलीत असं समजा. सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकला जातो, ठोका पडतो, पुन्हा फेकला जातो, आणि हे दिवसरात्र. दोन खात्यांच्या मधल्या भिंतीत सिमेंटची जाळी होती, तिच्यातून सगळा आवाज आत यायचा. पुस्तकं सांगत होती, लहान मुलांना शांतता हवी. मंडळाचे दगडूअण्णा स्वतः मागावरचे कारीगर. त्यांनी गवंडी आणला, जाळी विटांनी बुजवली, वर गोणपाटाचे दुहेरी पडदे लावले. आवाज जवळपास मेला. लादीतून तळपायाला थरथर लागायची तेवढीच. पाण्याचा पेला खाली ठेवला की त्यात सारखी वलयं उठायची.

नारळ फुटला, शेठचं भाषण झालं, पेढे वाटले गेले. खानदेशातली, मराठवाड्यातली, थोडी विदर्भातली अशी मुलं आली. शिक्षिका होती नयना, सुरतेतच वाढलेली, गोड गळ्याची. पहिल्या दिवशी मुलं रडतातच. मी नयनाला तसं शिकवलं होतं, रडणाऱ्या मुलाला जवळ कसं घ्यायचं, कसं वळवायचं.

एकही मूल रडलं नाही.

आठवडाभराने नयना माझ्या ऑफिसात आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. "ताई, मुलं बोलतात, पण आवाज येत नाही."

"लाजत असतील."

"नाही. तुम्ही या एकदा."

मी गेले. नयना गाणं म्हणत होती. मुलं तिच्याकडे बघत बसली होती. गाणं संपलं, ती फळ्याकडे वळली आणि खोली शांत झाली. त्याबरोबर मुलं उठली. कोणी कोणाला खुणावलं नाही. उठून सगळी दाराशी गेली आणि बाहेर तोंड करून उभी राहिली. एकमेकांकडे वळून ती बोलत होती. ओठ हलत होते, माना हलत होत्या, एक मुलगी तर हसली, दात दिसले. आवाज नव्हता. मला क्षणभर वाटलं की मलाच बहिरेपण आलंय. मी मुद्दाम टाळी वाजवली. टाळी नीट ऐकू आली. मुलांनी वळून माझ्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि आपापल्या जागी येऊन बसली.

एक मुलगी तेवढी दाराशी गेली नव्हती. चारेक वर्षांची, तेल लावून चप्प बसवलेले केस, नाव रत्ना. ती मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. तिथे काही नव्हतं, एका मागाचे बोल्टांचे खड्डे होते. तिचेही ओठ हलत होते. हलायचे, थांबायचे. थांबली की ती मान किंचित वर करून बघत राहायची, समोरचा उंच असावा तशी. मग मान डोलवायची. मग पुन्हा ओठ.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज," नयना म्हणाली. "ती उत्तरं ऐकते ताई. मला उद्यापासून एकटीला बसवू नका इथे."

गोष्ट वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. मुलं कमी होत गेली. मी अण्णांना गाठलं, तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुम्हाला शेठने सांगितलं नाही का? मला वाटलं, माहीत असंल."

मग त्यांनी सांगितलं. त्या कोपऱ्यातला माग भिकनचा होता. भिकन धुळ्याकडचा, चांगला कारीगर. मागाला करंट उतरला आणि तो जागीच गेला. त्यानंतर कोणी कारीगर त्या मागावर उभा राहीना, मग त्या खात्यातच कोणी जाईना. शेठने माग काढून दुसरीकडे नेले. रत्ना भिकनची मुलगी. तिची आई सुरेखा शेजारच्याच खात्यात बॉबिन भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत रिळांवर गुंडाळायचं काम करायची. बाप गेल्यापासून पोरीने तोंडातून शब्द काढला नव्हता. घरी भिंतीकडे तोंड करून बसायची.

"तुम्ही सांगितलं का नाही आधी?"

"जागा गेली असती. पोरं मागांमध्ये रांगतात बाई. बिन जागेपेक्षा अशी जागा बरी वाटली."

बैठक बोलावली ती बालवाडीतच, सतरंजीवर. कोपऱ्याच्या बाजूला कोणी बसलं नाही. शेठ खुर्ची मागवून दाराच्या बाहेर बसले आणि आतल्यांशी बाहेरूनच बोलले. मुलं येत नसतील तर जागा सुताच्या गासड्या ठेवायला परत घेतो, असं त्यांचं म्हणणं. कोणी पूजा घालून जागेची शांत करा म्हणालं, कोणी बंद करा म्हणालं. सुरेखाचा दीर उभा राहिला. बोलण्यात उद्धटपणा नव्हता, काळजीच होती.

"मी रविवारी पोरीला गावी नेतो. आई आहे तिथं. एक भगत आहे, त्याला दाखवतो. इथं नाही ठेवायची आता."

सुरेखा मागच्या रांगेत होती. "मंग मी?" ती म्हणाली.

"तू काम कर. आखाजीला, दिवाळीला ये भेटायला."

तिची अडचण मला दिसत होती. मुलीला मागांत न्यायचं नाही ही तिने नवऱ्याच्या मागे घेतलेली शपथ. घरी ठेवायला माणूस नाही. बालवाडी चालली तर पोर तिच्याजवळ राहणार होती, बंद पडली की रविवारी जाणार होती. नवरा गेलाच होता, आता मुलगीही वर्षातून दोनदा भेटणार.

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायला तिच्या खात्यात गेले. तोवर मी कधी चालू खात्यात आत उभी राहिले नव्हते, दारातूनच बोलणं व्हायचं. आत पाऊल टाकलं आणि आवाजाने छातीवर हात ठेवून मागे ढकलल्यासारखं झालं. बॉबिनवर बायका ओळीने बसल्या होत्या. मी ओरडले, "सुरेखा!" माझाच आवाज माझ्या कानापर्यंत आला नाही.

मग मी पाहिलं. त्या बायका बोलत होत्या. ओठ हलत होते, माना हलत होत्या, एक बाई हसली तेव्हा दात दिसले. पलीकडच्या मागावरच्या कारीगराने इतक्या लांबून काहीतरी विचारलं आणि इकडून एकीने उत्तर दिलं, भुवई उडवून. कोणी घशाला ताण देत नव्हतं. आवाज कुणाचाच नव्हता. भर दुपारी, पंचवीस-तीस माणसांच्या त्या जागेत, मी एक पाऊल मागे सरले. बालवाडीतलीच खोली, फक्त माणसं मोठी.

सुरेखाबरोबर एक थोराड बाई बाहेर आली. बोळात आल्यावर मी विचारलं, "आत तुम्ही काय बोलत होता?"

"खरं सांगू का?" थोराड बाई म्हणाली. "ही म्हणली, बाई कशाला आली? मी म्हणलं, इस्त्रीची साडी घालून आली, तेल उडलं की जाईल आपोआप."

"आणि हसलं कोण?"

"सगळ्याच."

कारीगर आयुष्यभर असंच बोलतात. ओठ बघायचे आणि समजून घ्यायचं. त्यांची मुलं पाळण्यापासून मागांच्या मध्ये वाढलेली, भाषा तिथेच शिकलेली. त्यांना बोलणं म्हणजे ओठ एवढंच माहीत होतं. हे मंडळातल्या कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण ती बोली फक्त गोंगाटात बोलायची. शांत जागेत कोणी तशी बोलेल हेच त्यांच्या डोक्यात येईना. मला फार मोकळं वाटलं. भीतीला कारण सापडलं की तिची शिस्तीत घडी घालून ठेवता येते, असं माझं तेव्हा मत होतं.

मी सुरेखाला म्हटलं, "चल. तुला ओठ वाचता येतात. तुझी मुलगी काय बोलते ते मला सांग."

ती दाराशी येऊन थांबली. आत मोजकीच मुलं उरली होती. रत्ना कोपऱ्याशी होती, आम्हाला तिचा चेहरा एका बाजूने दिसत होता. सुरेखा बराच वेळ बघत राहिली. मग ती बोलू लागली, मुलीचे शब्द घरच्या अहिराणीतच ठेवून, अगदी हळू, शब्द उचलून उचलून ठेवल्यासारखे.

"ती म्हणते... बाबा, खातं बंद व्हयनं. आते चाल ना घर."

आणि पुन्हा, "बंद व्हयनं ना. चाल ना."

मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं. वीज गेली, माग थांबले, की खातं एकदम शांत व्हायचं. तसं झालं की भिकन रत्नाला उचलायचा आणि घरी न्यायचा. आवाज बंद म्हणजे काम सुटलं. मला दाराशी उभी राहणारी मुलं आठवली. आम्ही भिंत बुजवून त्यांना शांतता दिली होती आणि त्यांच्या दृष्टीने आम्ही रोज सकाळी सुट्टी करून त्यांना दारात अडवून ठेवत होतो.

माझ्या पुस्तकी मनाला एवढं पुरेसं होतं. पण रत्नाचे ओठ थांबले. तिने मान वर केली, थांबली, आणि डोलवली.

"आता?" मी विचारलं.

"आता 'बरं' म्हणाली," सुरेखा म्हणाली. "मी नाही बोलले बाई. तुम्ही बोललात का?"

सुरेखा आत गेली. मुलीजवळ जाऊन बसली, पण मुलीकडे न बघता कोपऱ्याकडे बघत. तिचे ओठ हलले. किती वेळ, सांगता येणार नाही. मला ते वाचता येत नव्हते. नंतर शिकावंसं वाटलं, तरी त्या दिवशीचं तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको होतं, हे अजून ठरत नाही.

तेवढ्यात रत्ना आईकडे वळली आणि बोलली. आवाजात. घोगरा, न वापरलेला आवाज होता. नयनाच्या हातातला खडू पडला.

"आई, बाबा सांगस, आजून सुट्टी नही."

सुरेखाने डोळे पुसले नाहीत. मुलीच्या डोक्यावरचं तेल आपल्या तळव्याने सारखं केलं, तिथल्याच लादीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मंग करू दे त्याले काम. तू आठेच बैस." उठली आणि कामावर निघून गेली.

रविवारी दीर आला. सुरेखाने त्याला अण्णांसमोर सांगितलं, "पोरीचा बाप इथं कामावर आहे. त्याची नजर आहे तिच्यावर. मी कशाला पाठवू?"

दीर अण्णांकडे बघू लागला. अण्णांनी टोपी काढून परत घातली. "भिकन कोणाच्या वाटेला जाणारा नव्हता," ते म्हणाले. "त्याने कधी कोणाच्या पोराला मागाजवळ येऊ दिलं नाही. सगळ्यांची उचलून बाहेर आणायचा. असंल, तर सांभाळंलच."

मी तोंड उघडलं होतं. ओठ, गोंगाट, भाषा, सगळं समजावून सांगायची तयारी होती. पण दीर मान हलवून एकटाच बसस्टँडकडे निघाला होता, आणि मी तोंड मिटलं. सोमवारी मुलं परत आली. ज्या कारणाने गेली होती त्याच कारणाने आली. शेठच्या गासड्या बाहेरच राहिल्या.

अण्णांनी छिन्नी घेऊन जाळीतल्या विटा काढल्या, गोणपाट उतरवलं. आवाज आत शिरला आणि मुलं त्या गोंगाटात दुपारची ढाराढूर झोपली. नयनाने गाणी हातवाऱ्यांनी शिकवायला घेतली, मग ओठांनी, आणि हळूहळू मुलांचे आवाज वर आले. पाहुणे यायचे, कानावर हात ठेवायचे आणि मला बाजूला घेऊन विचारायचे, "इतक्या आवाजात शिक्षण?" सतरंज्या आम्ही कोपरा सोडून अंथरायचो. असं कोणी ठरवलं नव्हतं. खिचडीवाली बाई झाडतानाही तेवढा भाग शेवटी झाडायची, हलक्या हाताने, कोणी काम करत असताना झाडावं तशी.

कोपरा सोडणं बंद कधी झालं तेही सांगते. वैशाखातली दुपार होती. मी महिन्याच्या भेटीला गेले होते, नयनाशी बोलत दाराजवळ उभी होते. बालवाडी भरलेली असताना पहिल्यांदाच, अचानक सगळ्या इलाख्याची वीज गेली. शेजारचं खातं थांबलं, पलीकडचं थांबलं, मग त्यापलीकडचं. बोळावर अशी शांतता पसरली की मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. बायका, कारीगर घाम पुसत बाहेर यायला लागले. आतली मुलं उठली आणि चपला शोधायला लागली, यावेळी आवाज करत, ढकलाढकली करत.

रत्ना सगळ्यात शेवटी उठली. ती कोपऱ्यात गेली. तिचे ओठ हलले नाहीत. तिने उजवा हात वर केला, डोक्याच्याही वर, आणि बोटं मिटली. रिकामी मूठ नव्हती ती, आत काहीतरी धरायला जागा ठेवून मिटलेली होती. आणि ती चालू लागली. माझ्या शेजारून दारातून बाहेर पडली. मोठ्या माणसाचं पाऊल लांब पडतं, म्हणून हात धरलेलं मूल मध्येच दोन पावलं पळतं ना, तशी ती मध्येच पळाली. हात खाली आला नाही.

बोळात सुरेखा बॉबिनची टोपली कमरेवर घेऊन उभी होती. तिने मुलीला येताना पाहिलं. हाक मारली नाही. ती भिंतीला टेकून बाजूला सरली आणि वाट दिली, एका लहान मुलीला लागते त्याहून पुष्कळ जास्त. मग टोपली खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला.